चौदा नंबरची उजवी बाजू

चूक माझीच होती. हे सुरुवातीलाच लिहून देतो, म्हणजे पुढं मी स्वतःची बाजू सावरतोय असं कुणाला वाटायला नको. आता सावरणार आहेच, ती गोष्ट वेगळी. पण आधी कबुली दिलेली असली की माणसाला जरा मोकळेपणानं सावरता येतं.

मी पाणीपुरवठा खात्यात आहे, नोटीस विभागात. मीटर बंद पडला, नळ गळतोय, जोडणी तोडायची आहे, असं काहीही असलं की त्या घरी जे पत्र जातं ते माझ्या टेबलावरून जातं. बावीस वर्षं हेच केल्यामुळं मुदतीत उत्तर न देणाऱ्या माणसाचं पुढं काय होतं हे मला नको इतकं माहीत आहे. त्यामुळं कुठंही नोटीस दिसली की मला स्वस्थ बसवत नाही. आमच्या इमारतीच्या फळ्यावर एकदा 'गच्चीत कपडे वाळत घालू नयेत' असं लागलं होतं. आम्ही कधीच घालत नव्हतो. तरी मी 'आम्ही घालत नाही' असं लेखी कळवून पोच घेतली होती. बायको ही हकिगत आल्यागेल्या प्रत्येकाला सांगते.

तर अशा माणसाला एके दिवशी बाबांच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक नोटीस दिसली. ही सिस्टीम जुनी झाली आहे, अमुक तारखेनंतर तिला कंपनीचं पाठबळ मिळणार नाही, तरी नवीन सिस्टीम घ्यावी, असा मजकूर. खाली दोन बटणं होती. एक 'आता बदला' आणि दुसरं 'नंतर आठवण करा'. चौकशी केली तर कळलं की बाबा गेले चार महिने रोज न चुकता 'नंतर आठवण करा' दाबत होते. आमच्या खात्यात एवढ्या काळात घराचं पाणी दोनदा तुटलं असतं.

बाबा त्या कॉम्प्युटरवर काय करायचे ते सांगायला हवं. ते एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते आणि त्यातली बहुतेक चौदा नंबरच्या बसवर. निवृत्तीनंतर त्यांना एक खेळ मिळाला, ज्यात पडद्यावर बस चालवायची असते. जन्मभर मागं उभं राहून घंटी वाजवणाऱ्या माणसाच्या हातात स्टिअरिंग आलं, मग काय विचारता. त्या खेळात आपला रस्ता आपल्याला बनवता येतो. बाबांनी वह्या घेतल्या आणि चौदा नंबरचा सगळा रस्ता पायी फिरून दोन्ही बाजूंची दुकानं, घरं, झाडं, दिव्याचे खांब, सगळं उतरवून आणलं. मग चार वर्षं बसून एकेक वस्तू कॉम्प्युटरमध्ये मांडली. पुढं रस्तारुंदीत त्या रस्त्याची अख्खी उजवी बाजू पाडली गेली, पण बाबांच्या पडद्यावर ती जशीच्या तशी उभी होती. वह्या मात्र रद्दीत गेल्या. सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे तर या कशाला धूळ खात ठेवायच्या, असं कुणीतरी म्हणालं होतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

आणि आई. आईच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून ती वॉकर घेऊन चालते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन वर्षांत दवाखाना सोडला तर ती घराबाहेर पडलेली नव्हती. पण रोज दुपारी चार वाजता आई केस विंचरायची, बाहेरचे कपडे घालायची, खांद्याला पर्स लावायची आणि वॉकर टेकत मागच्या खोलीत जाऊन बाबांच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसायची. टेलिफोन खात्यात नोकरीला असताना ती याच बसनं जायची आणि कायम डाव्या खिडकीशी बसायची. त्या दोघांचं जमलं तेही याच बसमध्ये, पण तो विषय आमच्याकडं अजून चारचौघांत निघत नाही. बाबा पडद्यावरची बस सोडायचे, पन्नास मिनिटांत टेलिफोन ऑफिस यायचं, आई 'आले हं' म्हणून उठायची आणि स्वयंपाकघरात येऊन चहा मागायची. बाहेरून आल्यासारखी दमलेली असायची. मी याला 'बाबांचा खेळ' म्हणायचो.

एका रविवारी सकाळी बाबा माझ्या बायकोबरोबर डोळे तपासायला गेले होते, आई झोपली होती. मी 'आता बदला' दाबलं. आधी कॉम्प्युटरनं स्वतःची तपासणी करून हिरवी खूण दाखवली आणि 'आपला संगणक पात्र आहे' असं कळवलं. आमच्या घरातल्या कुणालाही आजवर पहिल्या फटक्यात पात्र ठरवलेलं नव्हतं, त्यामुळं मला जरा भरूनच आलं. मग त्रेचाळीस पानांचा करारनामा आला. लोक तो न वाचता मान्य करतात. मी शब्दन् शब्द वाचला. अठराव्या पानावर जुनी उपकरणं चालतीलच असं नाही, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ते वाचून, इतकं स्पष्ट लिहिणारा कारकून आपल्या खात्यात असायला हवा होता, एवढंच माझ्या मनात आलं. मी मान्य केलं.

तीन तास पडद्यावर चाकं फिरली. मग पडदा उजळला आणि मी दोन पावलं मागं सरलो. अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी झाली होती. आई-बाबांचा फोटो आडवा ताणला गेला होता आणि दोघं एकदम खात्यापित्या घरचे दिसत होते. माउसचा बाण हलवला की बाण आधी जायचा आणि त्याची शेपटी सावकाश मागून यायची. मी बसच्या चित्रावर टिचकी मारली. एक चौकट आली, 'योग्य ग्राफिक्स कार्ड आढळलं नाही'. चौकटीत 'ठीक आहे' एवढंच बटण होतं. काहीच ठीक नव्हतं, पण दुसरं दाबायला काही नव्हतं.

चार वाजता आई पर्स घेऊन आली. बाबांनी टिचकी मारली, चौकट वाचली, चष्मा पुसून परत वाचली. माझ्याकडं बघितलं. मी घाईघाईनं सांगितलं की सिस्टीम नवी केली आहे, किरकोळ अडचण आहे, उद्यापर्यंत होईल. आईनं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "डेपोतच अडकली असेल. उद्या येईल." आई दहा मिनिटं तशीच बसली, स्टॉपवर बसतात तशी. मग उठली.

संध्याकाळी बातमी इमारतभर झाली. आमच्याकडं काही बिघडलं की लोकांना कसं कळतं देव जाणे, पण दुरुस्त झालेलं कधी कळत नाही. पहिले आले समोरचे मास्तर. मास्तर गणित शिकवून निवृत्त झाले आहेत आणि जगातली कुठलीही वस्तू खोडरबरानं घासली की चालते अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी कॉम्प्युटरचं पोट उघडलं, ग्राफिक्स कार्ड उपटून काढलं, पलंगावरच्या धुतलेल्या चादरीवर ठेवलं आणि त्याच्या सोनेरी कडा खोडरबरानं घासल्या. बारा वर्षांची धूळ चादरीवर आली. घासताना त्यांनी मला समजावलं की कार्ड म्हणजे चित्र काढणारं यंत्र, आणि यंत्रात दोष नसतो, दोष संपर्कात असतो. मग कार्ड परत बसवलं. आता कॉम्प्युटर नुसताच तीनदा पीं पीं करून गप्प झाला. मास्तर म्हणाले, ही सुधारणा आहे, आधी तो बोलत नव्हता. शेवटी बायकोनं येऊन कार्ड अंगठ्यानं दाबलं, खट्ट झालं आणि आम्ही परत सकाळच्या जागी आलो. चादर मात्र कायमची गेली.

दुसऱ्या दिवशी खालचे औषधवाले. त्यांचं निदान बरोबर होतं हे मला कबूल केलंच पाहिजे. त्यांनी सांगितलं की कार्ड आणि सिस्टीम एकमेकांची भाषा जाणत नाहीत, मधे एक दुभाष्या लागतो, त्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात, आणि तुमचा जुना दुभाष्या नव्या साहेबाला कळत नाही. इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण इंटरनेटवर असे दुभाषे फुकट मिळतात असं सांगून त्यांनी एक उतरवून दिला. त्या दुभाष्यानं पडदा सुधारला नाही. त्यानं कोपऱ्यात कुठल्याशा परक्या गावाचं हवामान लावलं आणि दर दहा मिनिटांनी एका बाईला आणून उभं केलं, जी मला वजन कमी करायला सांगायची. बायको येता-जाता त्या बाईच्या मताशी सहमती दाखवू लागली.

त्याच दिवशी आणखी एक नोटीस आली. डिस्कवर जागा कमी आहे, आधीच्या सिस्टीमच्या जुन्या फायली काढून टाकायच्या का? नोटीस ती नोटीस. मी उत्तर दिलं, हो.

मग मी ठरवलं की हे उंटावरचे शहाणे पुरे झाले, आता रीतसर पत्रव्यवहार करायचा. कार्डाच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. हे वाक्य मी स्वतः दिवसातून चाळीस वेळा टाइप करतो, त्यामुळं त्याचं वजन मला माहीत होतं. तीन कामकाजाच्या दिवसांनी त्यांनी कळवलं की कार्ड बदललेलं नाही, सिस्टीम बदलली आहे, तरी सिस्टीमवाल्यांना विचारावं. सिस्टीमवाल्यांनी आणखी तीन दिवसांनी कळवलं की कार्ड आमचं नाही. रस्त्यात पाइप फुटला की आम्ही लोकांना रस्ते खात्याकडं पाठवतो आणि रस्ते खातं आमच्याकडं पाठवतं. तेच काम इतक्या सफाईनं केलेलं बघून, खरं सांगतो, रागाच्या आधी मला व्यावसायिक आदर वाटला.

मी पुन्हा कार्डवाल्यांना विनंतीअर्ज केला. सोबत तीन कागद जोडले. खरेदीची पावती, कार्डाचे पुढून-मागून फोटो आणि बाबांचा वयाचा दाखला. त्यावर उत्तर आलं की आपलं कार्ड निवृत्त उत्पादनांच्या यादीत टाकण्यात आलं असून त्याच्यासाठी नवा ड्रायव्हर बनवला जाणार नाही. खाली, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, असा एक फॉर्म होता. मी तो भरून पाठवला. 'बऱ्यापैकी' असं लिहिलं, कारण माझ्याकडंही असे फॉर्म येतात आणि मला लोकांचे शेरे लागतात.

हे सगळं चाललं होतं तेव्हा रोज चार वाजता काय होत होतं, तिकडं माझं लक्ष नव्हतं. म्हणजे होतं, पण मी बघत नव्हतो. आई पहिले चार-पाच दिवस केस विंचरून यायची, बाबा टिचकी मारायचे, चौकट यायची, बाबा 'ठीक आहे' दाबायचे. मग दोघं थोडा वेळ बसायची. बाबा तिला कोण कुठं चढायचं ते सांगायचे. त्यांना माणसं पाठ होती. पुढं आई तेही ऐकेनाशी झाली. दहाव्या दिवशी मी ऑफिसातून येऊन पत्रांची फाइल लावत असताना बायको येऊन दारात उभी राहिली.

"आईंनी आज पर्स काढलीच नाही," ती म्हणाली. "चार वाजून कधीच गेले. भिंतीकडं तोंड करून पडल्यात."

मी फाइल बंद केली. अकराव्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि कॉम्प्युटर उचलून दुरुस्तीच्या दुकानात न्यायला निघालो. निघताना बाबा विचारायला आले, मी येऊ का म्हणून. बूट घातले होते. नुसते घातले नव्हते, नाड्यासुद्धा बांधल्या होत्या, म्हणजे बराच वेळ तयार होऊन बसले असणार. मी म्हणालो, तुम्ही कशाला, तीन जिने आहेत, ऊन आहे, मी आहे ना. खरं कारण जिने नव्हतं. दुकानात बाबा काहीतरी बरोबर बोलले असते आणि माझा पोपट झाला असता. ते बूट मला अजून दिसतात. त्या एका क्षणाला परत जाता आलं असतं तर मी बाबांना पाठीवर घेऊन तीन जिने उतरलो असतो.

दुकान बोळात होतं, एका टेबलाएवढं. दुरुस्ती करणाऱ्या बाई माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी लहान असतील, पण त्यांनी मला आल्या आल्या 'काका' म्हटलं. माझ्या खिशाला खात्याचं ओळखपत्र होतं. मी ते जरा पुढं केलं, तरी त्या काकांवरच ठाम राहिल्या. त्यांनी दोन मिनिटांत सगळं ओळखलं. हे कार्ड नव्या सिस्टीमवर कधीच चालणार नाही, जुन्या सिस्टीमवर परत जायला लागेल, त्यासाठी एक बटण असतं. मी म्हणालो, मग दाबा. त्या म्हणाल्या, ते दहा दिवसच चालतं, कधी बदललीत? अकरा दिवस झाले होते. जन्मभर लोकांच्या मुदती मोजणाऱ्या माणसाची मुदत एका दिवसानं हुकली होती. वर, मी जुन्या फायली काढायला 'हो' म्हटलं होतं ते निघालं. त्यामुळं दहा दिवसांत आलो असतो तरी उपयोग नव्हता, असं त्यांनी मला धीर देण्यासाठी सांगितलं.

आता एकच मार्ग होता. सगळं पुसायचं आणि जुनी सिस्टीम नव्यानं घालायची. पुसण्याआधी जे हवं ते काढून घ्या, म्हणाल्या, आणि मला खुर्ची दिली. मी पेन ड्राइव्ह लावून अतिशय काळजीपूर्वक सगळं उतरवलं. फोटो, दवाखान्याचे कागद, माझ्या पत्रव्यवहाराच्या प्रती, 'नवीन फोल्डर' नावाचा एक फोल्डर आणि 'नवीन फोल्डर दोन' नावाचा दुसरा, जो रिकामा होता. बसच्या चित्राकडं माझं लक्ष गेलं होतं. मनात आलं, तो खेळ आहे, खेळात काय कागदपत्रं असणार, परत घातला की झालं.

बाईंनी एक रजिस्टर पुढं केलं. त्यात छापलं होतं, 'हवी ती सर्व माहिती मी काढून घेतली आहे, यंत्रात माझं काही शिल्लक नाही.' खाली सही. त्या म्हणाल्या, घरी एकदा फोन करून विचारता का? मी म्हणालो, त्याची गरज नाही. आणि सही केली. लोक अशा ठिकाणी कशीतरी सही करतात. मी पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली, वेळ घातली आणि शेजारी छोटी सहीसुद्धा केली. बाई म्हणाल्या की इतकी व्यवस्थित सही या रजिस्टरात पहिल्यांदाच झाली. मला बरं वाटलं.

दोन तासांनी जुनी सिस्टीम उभी राहिली, पण कार्डाचा जुना दुभाष्या कंपनीनं आपल्या साइटवरून काढून टाकला होता. कार्डाच्या खोक्यात आलेली डिस्क घरी असली तर बघा, म्हणाल्या. बारा वर्षांपूर्वीची डिस्क. मी हात टेकले. घरी येऊन बाबांना नुसतं म्हटलं, तर ते उठले, कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून एक पाकीट काढून दिलं. आत दोन डिस्क होत्या, एक कार्डाची आणि एक खेळाची. पाकिटावर त्यांच्या अक्षरात 'टाकू नये' असं लिहिलेलं होतं. इतके दिवस काही बोलला का नाहीत, असं मी जरा चिडूनच विचारलं. तर म्हणाले, मला कुणी विचारलं नाही. मग दारापर्यंत आले.

"आणि चौदा नंबर?" त्यांनी विचारलं.

"सगळं घेतलंय बाबा. सही करून आलोय."

त्यांनी मान डोलावली. माझ्या सहीवर त्यांचा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर घरी आला. अक्षरं शहाण्यासारखी बारीक झाली होती, फोटोतले आई-बाबा पूर्ववत हडकुळे झाले होते, बाणाची शेपटी गेली होती. मास्तर येऊन बघून गेले आणि शेवटी खोडरबरच कामी आला म्हणाले. बायकोनं आईला सांगितलं की बस आली. आईनं केस विंचरले, पर्स घेतली. बारा दिवसांनी बस सुटणार होती. मी दारात हाताची घडी घालून उभा राहिलो, कुणी काही म्हणालंच तर 'छे, त्यात काय' म्हणायचं असं मनाशी ठरवून.

खेळ उघडला. चित्र लख्ख होतं. बाबांनी रस्त्यांची यादी काढली. बर्फातला रस्ता, डोंगरातला रस्ता, समुद्राकाठचा रस्ता. बाबा यादीच्या तळापर्यंत गेले, परत वर आले, परत खाली गेले. खोलीत फक्त माउसची टिकटिक ऐकू येत होती. तिसऱ्यांदा खाली गेल्यावर त्यांनी माउसवरून हात काढला. मग मला समजलं की चौदा नंबर त्या खेळाच्या पोटातच ठेवलेला होता, मी ज्या फोल्डरकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं त्यात. मी पेन ड्राइव्ह आणला, लावला, सगळं उघडून बघितलं, 'नवीन फोल्डर दोन'सुद्धा.

"मला विचारायचं होतंस," बाबा म्हणाले.

एवढंच. ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं, माझ्याकडं उत्तरं तयार असतात. पण त्यांचा आवाज चढला नाही. आईनं विचारलं, मग आज कुठं जायचं? बाबांनी बर्फातला रस्ता लावला. आईनं दोन स्टॉप बघितले, मग म्हणाली, "मला उतरायचंय. इथं माझ्या ओळखीचं कुणी नाही."

मी कॉम्प्युटर घेऊन परत दुकानात गेलो. या वेळी बाबांना घेऊन गेलो, हळूहळू, जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत. बाईंनी दोन दिवस खटपट केली. पुसलेल्या डिस्कवरून एक दिव्याचा खांब, अर्धी पाटी आणि एका झाडाचा वरचा भाग मिळाला. मी नकळत आवाज चढवला तेव्हा त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाल्या, "काका, सही तुमचीच आहे ना?" मी बघितली. 'यंत्रात माझं काही शिल्लक नाही' या ओळीखाली फार सुंदर सही होती.

मग बाबांनी नवी वही घेतली आणि पहिल्या स्टॉपपासून सुरुवात केली. स्टॉपची नावं त्यांना ओळीनं येत होती, माणसं येत होती. पण कुठं काय उभं होतं हे आठवेना. पेन कागदावर टेकवून बसून राहायचे. एकदा मला म्हणाले की कॉम्प्युटरमध्ये ठेवलं म्हणून डोक्यातून काढून टाकलं. हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत, पण मला उठून बाल्कनीत जावं लागलं. आणि तेव्हा आई बोलायला लागली. तिसऱ्या स्टॉपपाशी सायकलचं दुकान, दारात एक उलटी टांगलेली सायकल. मग शिंपी. मग पुस्तकं बांधणाऱ्याचं दुकान, त्याच्या खिडकीत मांजर. मग दवाखाना, हिरवं दार. तिला सगळं येत होतं, घडाघडा, वीस वर्षं रोज बघितलेलं. बाबा मांडत गेले. दोन महिन्यांत रस्ता टेलिफोन ऑफिसपर्यंत पोचला. फक्त आई जाताना कायम डाव्या खिडकीशी बसायची, परतताना गर्दीत मधे उभी असायची आणि पडद्यावरही डावीकडंच बघायची, त्यामुळं तिला डावी बाजूच माहीत होती.

उजव्या बाजूचं मी बघतो, असं मी म्हणालो. त्याच बसनं मी नऊ वर्षं शाळेत गेलो होतो. डोळे मिटून बसलो, डोकं धरून बसलो, एक पाटी आठवेना. मग ऑफिसातली जुनी दप्तरं काढली. रस्तारुंदीच्या वेळी त्या बाजूच्या प्रत्येक घराला जोडणी तोडण्याची नोटीस गेली होती आणि त्या सगळ्या माझ्याच टेबलावरून गेल्या होत्या. यादी मिळाली. छप्पन्न घरं, छप्पन्न ग्राहक क्रमांक, नळाची जाडी, मीटरचा प्रकार. ते घर होतं की दुकान, एक मजली की दोन, दार कुठल्या रंगाचं, एकाही कागदावर नव्हतं. तरी मी यादी बाबांना दिली. त्यांनी माझा मान राखायला छप्पन्न करडे ठोकळे ओळीनं मांडले. आई बघून म्हणाली, ही काय घरं आहेत? बाबांनी दुसऱ्या दिवशी ते काढून टाकले.

आता परत रोज चार वाजता बस सुटते. आई पर्स घेऊन डावीकडं बसते, मधे बाबा. मी ऑफिसची वेळ बदलून घेतली आहे, साडेतीनपर्यंत घरी येतो. मला स्वयंपाकघरातलं स्टूल मिळतं, बाबांच्या उजव्या हाताला. नोटीस अजून कोपऱ्यात येते. मी 'नंतर आठवण करा' दाबतो आणि बस निघते. आईच्या बाजूला सायकलचं दुकान जातं, शिंपी जातो, मांजर जातं. आई रोज नव्यानं दाखवते, मी वाकून बघायला गेलो की बाबा म्हणतात, जागेवर बसून घ्या. मग मी सरळ बसतो आणि माझ्या बाजूला बघतो. तिकडं रस्ता संपतो तिथून हिरवी जमीन सुरू होते, सपाट, पार पडद्याच्या कडेपर्यंत.

पुस्तकं बांधणाऱ्याचं दुकान मागं पडलं की आई जरा वाकून, बाबांच्या पुढून माझ्याकडं बघते.

"तुझ्या बाजूला काय दिसतंय रे?"

"काही नाही," मी सांगतो. तसं मी सही करून दिलेलंच आहे.